बतावणी रंगली, वग कुठे? कोपरखैरण्याच्या एका स्टँडअप कलाकाराचं प्रकरण

एक रील चालते, त्या जोरावर मोठं नाट्यगृह भरतं, आणि मग लक्षात येतं की ते तासभर धरून ठेवेल एवढा माल कलाकाराकडे नाही. मराठी स्टँडअपमध्ये हे वारंवार घडतं. घडलं की दोष कलाकाराच्या नशिबाला, प्रेक्षकांच्या समजेला किंवा अल्गोरिदमला दिला जातो. मला यातलं काहीच पटत नाही. कारण कामाच्या पद्धतीत आहे आणि ते समजून घेता येतं. त्यासाठी हे एक प्रकरण सविस्तर मांडतो.

आधी एक खुलासा. ही एका विशिष्ट व्यक्तीची हकीकत नाही. ठाणे आणि नवी मुंबईत स्टँडअप करणाऱ्यांच्या वाटचालीत जे तुकडे पुन्हा पुन्हा दिसतात, ते जुळवून हे प्रातिनिधिक प्रकरण उभं केलं आहे. म्हणून यात कलाकाराला, निर्मात्याला किंवा नाट्यगृहाला नाव नाही.

ती आणि तिचं घर

मुलगी कोपरखैरण्याची, वय तिशीच्या आसपास. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. वडील वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. मुंबईचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे हलला तसे माथाडीही इकडे आले, आणि कोपरखैरणे-घणसोलीच्या वसाहतींत सातारा-सांगलीकडची हजारो कुटुंबं राहू लागली. माथाडीचं काम टोळीने चालतं, टोळीला मुकादम असतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने मजुरी व्यापाऱ्याच्या हातून थेट न येता माथाडी मंडळात जमा होऊन मिळते. या घरात भविष्यनिर्वाह निधी, बोनस, मंडळाची पासबुकं हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. ‘मजुराचं घर’ असं ढोबळ म्हणून हे घर कळत नाही, आणि तिच्या विनोदाचा खरा साठा याच घरात आहे.

ती स्वतः ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये बॅक-ऑफिसला, शिफ्ट बदलती. महिन्याचा पगार ठरलेला, त्यावर घराचा एक हप्ता चाललेला.

सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली, ओपन माइकला, म्हणजे नाव नोंदवून कुणालाही काही मिनिटं स्टेजवर जाता येतं अशा कार्यक्रमाला. तेव्हा बरेचसे माइक खार-अंधेरी पट्ट्यात आणि बहुतेक हिंदी-इंग्रजीत. नाव नोंदवायलाच शंभर-दोनशे रुपये, काही ठिकाणी सोबत दोन प्रेक्षक आणायची अट, आणि एवढ्यावर मिळणार चार-पाच मिनिटं. वेळ संपत आली की मागून मोबाइलचा लाइट दाखवतात. लायनअपमध्ये नंबर शेवटचा लागला तर हार्बरची शेवटची गाडी गाठणं अवघड. शिवाय एक बाई घेतली की लायनअपमधल्या बायकांचा कोटा संपला, असं समजणारे आयोजक होते आणि आजही आहेत. ती लवकरचा नंबर मागायची. लवकरच्या नंबरला प्रेक्षक तापलेला नसतो, त्यामुळे चांगले पंचही थंड पडायचे. आपण कच्चे आहोत असं तिला वाटत राहिलं. दोष निदान अर्धा तरी रेल्वेच्या वेळापत्रकाचा होता.

दुसरी अडचण खोल होती. हिंदीत सेट करताना माथाडी म्हणजे काय, हे आधी सांगावं लागायचं. पाच मिनिटांतली चाळीस सेकंद त्यात जायची, आणि समजावून झाल्यावर विनोदाचं वारं गेलेलं असायचं. म्हणून तिने वडील सेटमधून काढून टाकले. उरलं डेटिंग अ‍ॅप, लोकलची गर्दी आणि बॉस, म्हणजे जे बाकीचे वीसजण करत होते तेच. ज्या गोष्टीवर तिच्याइतकं दुसरं कुणी बोलू शकत नव्हतं, तीच तिने सगळ्यात आधी टाकली.

हळदीकुंकवाची शाळा

मराठीत ती आली ती ठाण्यातल्या एका कॅफेतल्या छोट्या माइकमुळे. घडली मात्र सोसायट्यांच्या कार्यक्रमांत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, मार्चमध्ये महिला दिन, मग गणपती, नवरात्रात भोंडला. नवी मुंबईत सेक्टरगणिक महिला मंडळ आहे, आणि वाण वाटून झाल्यावर ‘अर्धा तास काहीतरी हसवणारं हवंय, पण घरगुती हं’ अशी मागणी असते. पाकिटात मिळतं ते मानधन. समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, मुलं स्टेजवर धावतायत, मधेच बक्षीसवाटप. गणपतीत आरती लांबली की कार्यक्रम मागे सरकतो, आणि सरकारने खास सूट दिलेले दिवस सोडले तर दहा वाजता उघड्यावरचा लाउडस्पीकर बंद करावाच लागतो. अर्ध्या तासाचा सेट बारा मिनिटांत आवरायला ती इथे शिकली.

इथेच ती प्रेक्षकांशी बोलायला शिकली, ज्याला या धंद्यात सगळे क्राउडवर्क म्हणतात. सोसायटीत ते का रंगतं? कारण समोरच्या बायका एकमेकींना ओळखतात. तिसऱ्या रांगेतल्या काकूंना ‘सेक्रेटरी घरी पण नोटीस लावूनच बोलतात का?’ असं विचारलं की काकूंनी उत्तर द्यायच्या आधी शंभर बायका हसतात, कारण सेक्रेटरी सगळ्यांनी सोसलेला असतो. विनोदाची अर्धी तयारी प्रेक्षकांनीच आधी करून ठेवलेली असते. ही गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. आपला हजरजबाबीपणा वाढला, एवढंच तिला वाटलं.

मग ठाण्यात साठ-सत्तर माणसांच्या एका खोलीतला शो. पुढच्या रांगेत नवीन लग्न झालेलं जोडपं.

‘घर कुठे घेतलं?’
‘घोडबंदर रोडला.’
‘ऑफिस?’
‘नरिमन पॉइंट.’
‘मग त्याला घर नाही म्हणत, दादा. ते तुमचं वीकेंड होम आहे.’

ही रील चालली. कापूरबावडीच्या सिग्नलला अडकलेल्या प्रत्येकाने ती पुढच्याला पाठवली असावी.

त्यानंतर तिने जे केलं, ते आज प्रत्येक जण करतो आणि त्यामागे एक सरळ हिशोब आहे. लिहिलेला, घासून पक्का केलेला बिट, म्हणजे सेटमधला एका विषयावरचा तुकडा, नेटवर टाकला की तो जळाला असं मानतात. तिकीट काढून आलेल्याने तो आधीच पाहिलेला असतो, मग तो का हसेल? क्राउडवर्क मात्र त्या संध्याकाळपुरतं. टाकलं तरी पदरचं काही जात नाही. शिवाय मिनिटभरात सुरुवात, मध्य, शेवट सगळं होतं. म्हणून कलाकार लिहिलेला माल झाकून ठेवतात आणि क्राउडवर्कचे तुकडे बाहेर टाकत राहतात. तिने आठवड्याला दोन टाकले, आणि फॉलोअर्स लाखाच्या पुढे गेले.

इथे पैशाबद्दल एक सांगायला हवं, कारण बाहेरच्यांचा मोठा गैरसमज आहे. इन्स्टाग्रामच्या रीलला लाखोंनी पाहिलं तरी त्यातून आपल्याकडे थेट पैसा जवळपास येत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायलाही एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं प्रेक्षण किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. मग मोठ्या व्हिडिओच्या जाहिरात-उत्पन्नातले ५५ टक्के कलाकाराचे. विनोदाची छोटी रील हे जाहिरातीचं पत्रक आहे. पैसा तिकिटात, कंपन्यांच्या कार्यक्रमांत आणि ब्रँडच्या कामात. आणि कंपनीचा पैसा दहा टक्के टीडीएस कापून, दोन-तीन महिन्यांनी येतो.

मोठं नाट्यगृह

एका निर्मात्याने फोन केला. ठाण्यातलं मोठं नाट्यगृह, सव्वा तासाचा एकटीचा शो, तिकीट ४९९. या आकड्याला कारण आहे. नाट्यप्रयोग, संगीताचे कार्यक्रम वगैरेंच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्याच्या वर १८ टक्के लागतो. म्हणून जाहिरातींत ४९९ सारखं दिसतं. निर्माता तिला ठरावीक रक्कम देणार, वरचा फायदा-तोटा त्याचा.

तिच्याकडे घासलेला माल पस्तीस मिनिटांचा होता. उरलेलं क्राउडवर्कवर निघेल असा तिचा अंदाज, निर्मात्याचाही. त्याला क्राउडवर्कच हवं होतं, तिकिटं त्यावरच खपत होती. मोठी बाल्कनी सोडली तर घर जवळजवळ भरलं.

पहिली दहा मिनिटं टाळ्या. मग तिने पुढच्या रांगेत एकाला विचारलं, ‘काय करता?’ तो काहीतरी म्हणाला. पुढच्या चार रांगा हसल्या. पंधराव्या रांगेतून आवाज आला, ‘काय म्हणाला?’ तिने उत्तर माइकवर परत सांगितलं, आणि परत सांगितलेल्या उत्तरावर कुणी हसत नाही. नाट्यगृहात प्रेक्षकांवर उजेड नसतो, त्यामुळे तिला पुढच्या दोन रांगांपलीकडे चेहरे दिसत नव्हते. बोलणाऱ्याला माइक नव्हता. छत उंच, हसण्याला वर जायला जागा. मुख्य म्हणजे इथे कुणी कुणाला ओळखत नव्हतं. सेक्रेटरी सगळ्यांचा सामायिक नव्हता.

त्यातून नवीन त्रास. रील पाहून आलेल्यांना रीलमध्ये यायचं होतं. ‘आम्हाला विचार ना!’ असे आवाज सुरू झाले. एकाने स्वतःच विनोद केला, तो पडला, आणि पडलेला विनोद सावरणं तिच्या अंगावर आलं. उलट एका बाईंनी कॅमेरा बघून ‘माझं शूटिंग नको’ म्हटलं, त्याबरोबर आजूबाजूचे दहाजण आवरून बसले. पन्नासाव्या मिनिटाला शो हातातून गेला होता.

मग हाताशी काही उरलं नाही म्हणून ती वडिलांवर आली. अर्धवट लिहिलेलं, कधी माइकवर न घासलेलं.

‘माझे वडील माणूस बघून वजन सांगतात. चाळीस वर्षं गोण्या उचलल्यात. मला बघायला मुलगा आला. वडील एकदाच वर बघून म्हणाले, पासष्ट. आई म्हणाली, अहो, पगार विचारा. म्हणाले, पगार खोटा सांगतात. वजन खोटं सांगता येत नाही.’

नाट्यगृह शेवटच्या रांगेपर्यंत हसलं. पुढची पंधरा मिनिटं टोळी, मुकादम, पासबुक, गावची जत्रा यांत गेली आणि कुणी मोबाइल काढला नाही. शो त्या पंधरा मिनिटांनी वाचला म्हणावं तर तसंही नाही. कौतुक करणारे होते, पण ‘रीलमध्येच बरी वाटते’ असं लिहिणारे जास्त होते.

वडील पहिल्यांदाच तिचा शो बघायला आले होते. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, ‘वग एवढ्या उशिरा का लावला?’

वडिलांचा प्रश्न

मला वाटतं, या प्रकरणाचं निदान त्या प्रश्नात आहे. त्यांनी आयुष्यभर जत्रेत तमाशा पाहिला. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, म्हणजे तमाशातली मुख्य गोष्ट. बतावणीत सोंगाड्या समोरच्या गावाची, पाटलाची, त्या दिवसाच्या बातमीची खेचतो. ती तिथल्या तिथे सुचते, दुसऱ्या गावात तशीच चालत नाही. पण बतावणीवर कुठल्याही फडाने रात्र काढली नाही. तिचं काम प्रेक्षक गोळा करून वगाच्या हवाली करण्याचं. वडील पन्नास मिनिटं बसून होते, आता गोष्ट सुरू होईल म्हणून.

‘पाहिलेला विनोद मेला’ हा नियम आपल्याकडे इंग्रजी स्टँडअपच्या क्लबमधून आला. तिथे तो खराही असेल. मराठी प्रेक्षकाचा इतिहास वेगळा आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर आणली. तिची वाक्यं पाठ असलेली माणसं आजही ध्वनिमुद्रणं लावून हसतात. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये डॉ. लक्ष्मण देशपांडे एकटे पन्नासहून अधिक पात्रं उभी करायचे, आणि त्याला पुन्हा पुन्हा जाणारी कुटुंबं होती. दुसऱ्यांदा जाताना ती सोबत सासूला, भाच्याला घेऊन जात. काय होणार हे ठाऊक असूनही जात, कारण ते आज कसं होतंय हे बघायचं असे. आपल्याकडे त्याला ‘प्रयोग’ म्हणतात आणि प्रयोगांचे आकडे अभिमानाने जाहिरातीत छापतात. मग मराठी स्टँडअप कलाकाराने आपला उत्तम माल लपवून का ठेवायचा? गोष्ट भक्कम असेल तर ती माहीत असण्याने तिकीट कमी होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. एकओळी पंचवर चालणारा सेट खरोखरच दुसऱ्यांदा फिका पडतो. मान्य. म्हणूनच मुद्दा गोष्टीचा आहे. पात्रं, घर, बोलीचा ठेका असलेला ऐवज पुन्हा ऐकावासा वाटतो. तिच्याकडे तो होता. पाच मिनिटांच्या माइकने आणि मिनिटभराच्या रीलने त्याला जागा दिली नव्हती.

दुरुस्ती

निर्मात्याने लगेच आणखी चार शहरांची बोलणी काढली, ‘क्राउडवर्क वाढवू, प्रेक्षकांत दोन माइक फिरवू’ म्हणून. त्याच वेळी हिंदीत परत जा, तिकडे बाजार मोठा, असं सांगणारे मित्र होते. नोकरी सोडायचा विचारही तिने त्याच महिन्यात केला. तिने तिन्ही लांबवलं. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं हेच होतं, कारण तिन्ही निर्णय एका रीलच्या भरात होत होते.

तिने एक कोरी वही घेतली. याला एक बाहेरचं निमित्तही घडलं. महाराष्ट्रात तिकीट लावून रंगमंचावर करायच्या प्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. कलाकाराच्या शब्दांवर आधीच शिक्का मारणारी ही पद्धत मला मुळात मान्य नाही. पण पुढच्या बुकिंगसाठी संहिता टाइप करायला बसल्यावर सव्वा तासातल्या चाळीस मिनिटांसमोर तिला फक्त ‘प्रेक्षकांशी गप्पा’ एवढंच लिहिता आलं. नाट्यगृहात जे अंधारात घडलं ते कागदावर लख्ख दिसलं.

पुढचे सात-आठ महिने ट्रायल शो. ठाणे, वाशी, बेलापूर, डोंबिवली, साठ ते ऐंशी खुर्च्यांच्या खोल्या. प्रत्येक शो फक्त आवाजात रेकॉर्ड करायचा, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गाडीत ऐकायचा, हसू कुठे आलं ते वहीत मांडायचं. सुरुवातीला दहा मिनिटं गप्पा, त्याही प्रेक्षकांना एका घरात आणण्यापुरत्या: ‘इथे कुणाच्या घरी धान्य गावाहून येतं?’ हात वर झाले की गोष्ट सुरू.

एका शोला वडिलांच्या टोळीतले चौघे आले. हसले, आणि नंतर बाजूला घेऊन म्हणाले, मुकादम असं बोलणार नाही, हिशोब असा होत नाही. तिने तो भाग बदलला. बदललेला भाग जास्त हसवतो. मला याचं आश्चर्य वाटत नाही. ज्यांच्यावर विनोद आहे त्यांना तो खोटा वाटला, तर बाकीच्यांनाही त्यात कुठेतरी पोकळपणा जाणवतच असतो.

हिशोब साधा ठेवला. ऐंशी खुर्च्या, २५० रुपये, म्हणजे भरला तर २०,०००. खोली, साउंड आणि तिकीट विकणाऱ्या पोर्टलचा वाटा जाऊन निम्मे हाती आले तरी शनिवार-रविवारचे शो पगाराच्या जवळ जातात. पण भरला तर. जून-जुलैच्या पावसात ठाण्यातही निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. एक हंगाम चांगला गेला म्हणून नोकरी सोडणाऱ्यांना पावसाळा दिसत नाही. तिने ठरवलं की पूर्ण एक वर्ष, पावसाळ्यासकट, शोचं उत्पन्न हप्ता भरून उरलं तरच राजीनामा.

आता तिचा सत्तर मिनिटांचा प्रयोग उभा आहे, त्यातली तासभर गोष्ट. कराड आणि साताऱ्याहून विचारणा आली आहे. तिथे माथाडी कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

लटकलेला करार

निर्माता परत आला आहे. या वेळी त्याला प्रयोगाचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकायचं आहे. पहिल्या मसुद्यात ‘सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे शब्द होते. हे शब्द मराठी कलाकार न वाचता सही करतात, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. लिहिलेला ऐवज लेखकाचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. पण ‘कायमस्वरूपी’ लिहून सही केली की हा आधार गेला. सादरकर्त्याचे हक्कही कायद्यात वेगळे आहेत, सादरीकरणानंतर पन्नास वर्षांपर्यंतचे.

तिने वकिलाकडून मसुदा बदलून घेतला: चित्रीकरणाचे हक्क तीन वर्षं, संहिता तिची, रंगमंचीय प्रयोग करायला कुठलीही आडकाठी नाही, आणि वडिलांचा फोटो किंवा नाव प्रसिद्धीत वापरायचं नाही. निर्माता पहिल्या तिन्हीला तयार आहे. चौथ्यावर अडला आहे, कारण त्याला पोस्टरवर गोणी उचललेले वडील हवेत. तिने नाही सांगितलं. बोलणी चालू आहेत आणि दरम्यान शनिवारचा शो वाशीला लागला आहे.